'घात' की 'घातांक'? आणि एककांचं 'रूपांतर' होतं म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्नकर्ती: भाचीचा विज्ञानाचा अभ्यास घेते आहे. खूप मोठ्या आणि खूप लहान संख्या दहाच्या घातात लिहिण्याची जी पद्धत आहे, म्हणजे सायंटिफिक नोटेशन, तिला मराठीत कुठे 'वैज्ञानिक संकेतन' म्हटलेलं दिसतं, कुठे 'वैज्ञानिक लेखनपद्धती', तर कुठे 'प्रमाणित रूप'. यातलं धरायचं कोणतं? दुसरं म्हणजे, वाचताना 'दहाचा आठवा घात' म्हणायचं की 'दहाचा घातांक आठ'? ती दोन्ही म्हणते आणि मग स्वतःच गोंधळते. तिसरा प्रश्न 'रूपांतर'चा. मीटरचं किलोमीटरमध्ये 'रूपांतर' की 'परिवर्तन'? (अंक वर चढवून टंकता येत नाही, म्हणून १०^८ असं लिहिते आहे.)

गणित शिकवणारा: मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. १०^८ मध्ये १० हा पाया, ८ हा घातांक, आणि १०^८ ही अख्खी संख्या म्हणजे घात. घातांक नुसता वर बसलेला अंक आहे. घात म्हणजे दहा कोटी. त्यामुळे 'दहाचा आठवा घात' हे संख्येचं नाव झालं आणि 'घातांक आठ' हे तिच्या एका भागाचं वर्णन. हा भेद एकदा पक्का झाला की पुढचं वाक्य आपोआप कळतं: घातांक एकाने वाढला की घात दहापट होतो. मुलं मात्र १०^८ आणि १०^९ यांत 'एकाचाच तर फरक' असं म्हणून मोकळी होतात. फरक नव्वद कोटींचा आहे.

जुनं गणित वाचणारा: 'घात' या शब्दावर थोडं रेंगाळतो, कारण शब्दच अर्धं शिकवून जातो. संस्कृत गणितात घात म्हणजे गुणाकार. हन् या धातूपासून आलेले हनन, वध असे शब्दही गुणाकारासाठी वापरलेले आढळतात. विश्वासघातातला घात त्याच धातूचा, पण गणितात तो पुरता निरुपद्रवी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५० च्या सुमारास) वर्गाची व्याख्या 'समद्विघात' अशी आहे आणि घनाची 'समत्रिघात'. म्हणजे सारख्या दोघांचा गुणाकार, सारख्या तिघांचा गुणाकार. २^३ म्हणजे ६ असं उत्तर देणाऱ्या मुलाला मी सरळ 'समत्रिघात' फोड करून वाचायला लावतो: सम, त्रि, घात. दोन, दोन आणि दोन यांचा गुणाकार. उत्तर ८. नियम पाठ करायची गरजच उरत नाही.

त्याच ग्रंथात संख्यांच्या स्थानांची नावं दिली आहेत आणि ती 'दशगुणोत्तर' आहेत, म्हणजे प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. कोटी १०^७, अर्बुद १०^८, अब्ज १०^९, खर्व १०^१०, निखर्व १०^११, असं चढत चढत परार्ध १०^१७. पृथ्वीपासून सूर्याचं सरासरी अंतर साधारण १.५ × १०^११ मीटर आहे. म्हणजे दीड निखर्व मीटर.

प्रश्नकर्ती: दीड निखर्व मीटर! हे तिला सांगितलंच पाहिजे. पण मग नावं असताना घातांकांची काय गरज, असं ती नक्की विचारेल.

जुनं गणित वाचणारा: नावं कुठेतरी संपतात, घातांक संपत नाहीत. शिवाय नावांचा गुणाकार करता येत नाही. खर्व गुणिले निखर्व किती? घातांकांची बेरीज केली की झालं: १० आणि ११ मिळून २१. परार्धाच्याही पुढे गेलो आपण. अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक (रसायनशास्त्रात एक मोल पदार्थातल्या कणांची संख्या) तर ६.०२२१४०७६ × १०^२३ आहे, तिथे कोणतं नाव लावणार?

प्रयोगशाळेत काम करणारी: पहिल्या प्रश्नाबद्दल माझं मत. 'वैज्ञानिक संकेतन' ऐकून गुप्त संकेत डोळ्यांसमोर येतात, आणि 'प्रमाणित रूप' हा शब्द गणितात इतर दहा ठिकाणी लागतो. 'वैज्ञानिक लेखनपद्धती' हेच बरं, कारण ही लिहिण्याचीच एक रीत आहे. संख्या तीच राहते. अट एवढीच की दहाच्या घाताआधीचा आकडा १ किंवा त्याहून मोठा आणि १० पेक्षा लहान हवा. १५ कोटी किलोमीटर लिहिताना मुलं १५ × १०^७ वर थांबतात. किंमत बरोबर आहे, पण रीत पाळलेली नाही. १.५ × १०^८ हवं.

घाताआधीच्या या आकड्याला काही जण मँटिसा म्हणतात. तो शब्द मुळात लॉगॅरिदमच्या कोष्टकांतला आहे आणि तिथे त्याचा अर्थ निराळा, म्हणून मला खटकतो. 'सहगुणक' म्हणा, बीजगणितामुळे मुलांच्या ओळखीचा आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. पहिली, ऋण घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो, म्हणजे सुमारे ७.५ × १०^-६ मीटर. वरच्या उणे चिन्हाचा अर्थ 'दहाने सहा वेळा भागा' इतकाच. दुसरी, कॅल्क्युलेटर. त्यावरच्या 'ई' किंवा 'ईएक्सपी' बटणाचा अर्थच 'गुणिले दहाचा घात' असा आहे. त्यामुळे १०^८ भरायचं असेल तर १, मग ते बटण, मग ८. विद्यार्थी १० दाबून मग बटण आणि ८ दाबतात आणि उत्तर दहापट येतं. कागदावरची रीत अगदी बरोबर असते, त्यामुळे चूक सापडत नाही आणि अर्धा तास जातो.

सार्थ अंक, म्हणजे खरोखर मोजलेले अंक, दाखवायलाही याचा फायदा आहे. १५०० ग्रॅम असं लिहिलं तर शेवटची शून्यं मोजलेली आहेत की नुसती जागा भरायला आहेत, ते कळत नाही. १.५ × १०^३ आणि १.५०० × १०^३ यांत ते लगेच कळतं. माझ्या मते ही पद्धत शिकवण्याचं खरं कारण हे आहे. शून्यं वाचवणं हा वरचा लाभ.

भाषांतर करणारी: आता 'रूपांतर'. 'परिवर्तन'पेक्षा तो बरा, कारण राशी (मोजलेली गोष्ट, उदा. लांबी) तीच राहते आणि तिचं दिसणं बदलतं. पण एक अडचण आहे. त्याच विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युत ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर' हेही येतं. तिथे खरोखर काहीतरी घडतं: तार तापते. एककांच्या रूपांतरात काहीच घडत नाही. टेबल १.२ मीटर लांब आहे म्हणा नाहीतर १२० सेंटीमीटर, टेबल जागचं हलत नाही. म्हणून मी लिहिताना शक्यतो क्रियापदच बदलते: 'ही लांबी सेंटीमीटरमध्ये सांगा', 'मांडा', 'व्यक्त करा'. बोलताना आपण 'मिनिटांचे तास कर' असं म्हणतोच, ते सोडायचं कारण नाही.

गणित शिकवणारा: सहमत. 'गुणायचं की भागायचं?' हा वर्गातला सनातन प्रश्न 'राशीच बदलते' या समजातून येतो. राशी बदलत नसेल तर आपण तिला फक्त १ ने गुणू शकतो. तो १ हवा तसा लिहायचा: १००० मीटर भागिले १ किलोमीटर, हा १ च आहे. ताशी ७२ किलोमीटर वेग घ्या. त्याला १००० मीटर/१ किलोमीटरने गुणा, मग १ तास/३६०० सेकंदांनी गुणा. वरचा किलोमीटर खालच्या किलोमीटरशी कटतो, तास तासाशी कटतो, उरतात ७२०००/३६०० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे २०. एकक अक्षरासारखं धरून काटायचं. चुकीचा अपूर्णांक घेतला तर 'चौरस किलोमीटर प्रतिमीटर' असलं काहीतरी विचित्र उरतं आणि चूक स्वतःहून ओरडते.

'चौरस' आणि 'घन' या शब्दांकडेही बघा. चौरस सेंटीमीटरमधला 'चौरस' हा 'सेंटी'लाही लागू असतो. म्हणून १ चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, १०^४ चौरस सेंटीमीटर, आणि १ घनमीटर म्हणजे १०^६ घन सेंटीमीटर.

प्रयोगशाळेत काम करणारी: एकाने गुणण्याची युक्ती तापमानाला मात्र लागू पडत नाही. ० अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन, तिथे मिळवावं लागतं. पण तापमान '१० अंशांनी वाढलं' असं असेल तर वाढ १० केल्विनच, त्यात २७३ मिसळायचं नाही. 'तापमान' आणि 'तापमानातली वाढ' हे शब्द प्रश्नात नीट वाचले नाहीत तर गणित तिथेच फसतं.

जुनं गणित वाचणारा: उपसर्गांची एक गंमत: 'किलो' आणि 'मिलि' या दोन्हींचा मूळ अर्थ हजारच. एक ग्रीक, एक लॅटिन. मेट्रिक पद्धत घडवताना मोठ्या पटींसाठी ग्रीक आणि लहान भागांसाठी लॅटिन शब्द घेतले, म्हणून एक हजारपट आणि दुसरा हजारावा भाग. पुढे ही शिस्त मोडली. १०^-१५ साठीचा 'फेम्टो' डॅनिश भाषेतल्या पंधरा या शब्दावरून आला. २०२२ मध्ये रोना, क्वेटा ही १०^२७ आणि १०^३० साठीची नावं घेतली, आणि लहान टोकाला रोंटो, क्वेक्टो.

प्रश्नकर्ती: शेवटचं एक. ७.५ × १०^-६ मोठ्याने वाचायचं कसं? 'ऋण सहावा घात' की 'उणे सहावा'?

गणित शिकवणारा: लिहिताना 'ऋण घातांक', कारण तो संख्येचा प्रकार सांगतो. वाचताना मी 'साडेसात गुणिले दहाचा उणे सहावा घात' म्हणतो. 'वजा सहावा' म्हणणारेही आहेत, पण वजा ही क्रिया आहे. इथे कशातून काही वजा होत नाही, म्हणून मी टाळतो. भाचीने 'दहावर उणे सहा' म्हटलं तरी मी तिला अडवणार नाही. वहीत मात्र उणे चिन्ह घातांकाशेजारी वरच दिसलं पाहिजे. ते घसरून साडेसातच्या आधी गेलं की संख्या ऋण होते, आणि व्यास ऋण नसतो.