दामदुप्पटीचे ७२ कुठून आले? आणि र²/२ मधला तो अर्धा?

तासगाव_काउंटर

नमस्कार मंडळी. मी तासगावातल्या एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरवर बसते. राहायला सांगलीत, विश्रामबागला. १९९८ साली बारावी कॉमर्सला मॅथ्स घेतलं होतं. डेरिव्हेटिव्हची सूत्रं तेव्हा पाठ केली, पेपरात लिहिली आणि तिथेच सोडून दिली.

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी ठेव ठेवायला आले. दर ९ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढ. फलकावर लिहिलंय, दामदुप्पट ९४ महिन्यांत. गुरुजींनी उभ्या उभ्या ७२ ला ९ ने भागलं. आठ वर्षं, म्हणजे ९६ महिने. "बाई, हे दोन महिने कुठं गेले?" असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. मी कॉम्प्युटरवर हिशोब करून दाखवला, ९४ बरोबरच होते. पण ७२ चा नियम (७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायची वर्षं येतात) चुकला कुठे, हे मला सांगता आलं नाही. वीस वर्षं हा नियम मीच लोकांना सांगत आले आहे, म्हणून ती गोष्ट मनाला फार लागली.

मग शोधायला लागले. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाने आपले अभ्यासक्रम फुकट खुले करायचं २००१ साली जाहीर केलं, त्याला ओपनकोर्सवेअर म्हणतात. त्यात १८.०१ नावाचा कॅल्क्युलसचा कोर्स आहे, २००६ सालचा, प्राध्यापक डेव्हिड जेरिसन शिकवतात. फळा आणि खडू, बाकी काही नाही. नववं लेक्चर लिनिअर आणि क्वाड्रॅटिक ॲप्रॉक्झिमेशनचं. जेवणं आटोपली की ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून पाहते, वेग पाऊण करून. इंग्रजी बोलणं निसटतं म्हणून लेक्चरचा लिहिलेला मजकूर उतरवून घेते आणि तो एसटीत वाचते. सांगली ते तासगाव एका खेपेत दोन पानं होतात.

वक्राला एका बिंदूपाशी स्पर्शिका काढायची आणि बिंदूच्या जवळपास वक्राऐवजी ती सरळ रेषाच वापरायची, इथपर्यंत कळलं. म्हणून लॉग(१ + र) म्हणजे जवळजवळ र. इथे र म्हणजे व्याजाचा दर, ८ टक्के असेल तर ०.०८. पुढे र − र²/२ येतं तिथे मी अडकले. दुसरा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि त्याचं अर्धं करायचं. परवलयाचं सूत्र घेऊन अर्धा येतो हे वहीत दोनदा करून पाहिलं, येतो. पण अर्धाच का, हे मनाला पटत नाही.

शिवाय दुप्पट होण्याचा काळ म्हणजे लॉग २ भागिले लॉग(१ + र), म्हणून तो काढायला लॉग २ ला र ने भागलं. जुन्या लॉग टेबलमध्ये लॉग २ = ०.३०१०. ८ टक्क्यांना उत्तर आलं पावणेचार वर्षं! खरं ९ वर्षांच्या आसपास आहे. कुठे चुकतंय?

कृष्णाकाठ

ताई, तुमची दुसरी अडचण आधी सोडवतो, ती लवकर सुटेल. मी सांगलीतच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मीही पहिल्या सेमिस्टरला इथेच आपटलो होतो.

आपलं लॉग टेबल १० या पायावर आहे. लेक्चरमधला लॉग हा नैसर्गिक लॉग, त्याचा पाया ई, म्हणजे २.७१८२८… लॉग(१ + र) जवळजवळ र, हे फक्त नैसर्गिक लॉगला लागू पडतं, कारण त्याच वक्राचा चढ १ पाशी बरोबर १ असतो. नैसर्गिक लॉग २ = ०.६९३. तुम्ही वर एक लॉग घेतला आणि खाली दुसरा.

आता ०.६९३ भागिले ०.०८, म्हणजेच ६९.३ भागिले ८, ८.६६ वर्षं. खरं उत्तर ९.००६. अजून थोडं कमी पडतंय, ते तुमच्या र²/२ मुळे भरून निघेल.

एक सांगून ठेवतो, र लहान असेल तोवरच हे चालतं. गावात शेकडा दोनने पैसे फिरतात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते व्याज वर्षाला एकदा मुद्दलात मिळवलं तर नुसत्या स्पर्शिकेने २.८९ वर्षं येतात, ७२ च्या नियमाने ३, आणि खरी ३.२२.

आणि काकू नाही ताई म्हटलंय, चालेल ना? लेक्चर नुसतं बघू नका, त्याच पानावर उत्तरांसकट प्रॉब्लेम सेट आहेत. ते सोडवा.

यवतेश्वर_घाट

ताई, मी साताऱ्यात एकतीस वर्षं गणित शिकवलं. "सूत्र येतं पण अर्धाच का ते पटत नाही", हे वाक्य वर्गात ऐकायची वाट बघत असायचो. फार थोड्यांनी विचारलं.

परवलय जरा बाजूला ठेवा आणि चढाचा विचार करा. लॉग(१ + र) चा वक्र सुरुवातीला शून्यावर आहे आणि तिथे त्याचा चढ १. तोच चढ कायम राहिला असता तर र इतकं आडवं चालल्यावर आपण र इतकेच वर असतो. ही तुमची स्पर्शिका. पण हा रस्ता पुढे सपाट होत जातो. चढाचं सूत्र १/(१ + र), म्हणजे र इतकं गेल्यावर चढ साधारण १ − र राहतो.

मग सगळ्या वाटेसाठी चढ कोणता धरायचा? सुरुवातीचा १ धरलात तर उत्तर जास्त येईल. शेवटचा १ − र धरलात तर कमी. चढ एकसारखा उतरत गेला असं मानलं तर मधला धरायचा, दोन्हींची सरासरी, १ − र/२. त्याला चाललेल्या अंतराने, म्हणजे र ने गुणा. र − र²/२. तो अर्धा म्हणजे ही सरासरी.

अकरावीच्या फिजिक्समधलं अंतराचं सूत्र, यूटी अधिक अर्धा एटी वर्ग, आठवतं का? तोही हाच अर्धा. वेगातली वाढ शून्यापासून एटी पर्यंत जाते, सरासरीत निम्मी भरते.

पडताळा हवा तर र = ०.१ घ्या. स्पर्शिका म्हणते ०.१, दुसरी पायरी म्हणते ०.०९५, खरी किंमत ०.०९५३.

थांबायचं कुठे हेही तुम्ही पुढे विचारालच. पुढची संख्या र³/३ आहे. तुमच्या ठेवीत एका तिमाहीचा र ०.०२२५ आहे, म्हणजे ती ०.००००० नंतर सुरू होणारी बाब. तुमच्या कामाला दोन पायऱ्या भरपूर झाल्या. आता ७२ तुमचे तुम्ही काढा, मी सांगत नाही.

तासगाव_काउंटर

सर, काल एसटीत तुमचं उत्तर वाचलं आणि कवठे एकंद गेलेलं कळलंच नाही.

सरासरी म्हटल्यावर मला एकदम पिग्मी दिसली. बाजारपेठेतला दुकानदार रोज १०० रुपये भरतो. वर्षाअखेर ३६,५०० जमतात, पण व्याज ३६,५०० वर कोणी देत नाही. पहिल्या दिवशी शंभरच होते, वाढत वाढत तिथे पोचले. रोजच्या शिलकेचे प्रॉडक्ट काढले, म्हणजे रोजच्या शिलकांची बेरीज करून दिवसांनी भागली, की सरासरी शिल्लक १८,३०० येते, जमलेल्याच्या निम्म्याला जरा वर. हा निम्मा मी रोज हातांनी काढत होते! र²/२ मधला अर्धा तोच आहे, हे आता कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मग ७२ काढले. हप्ता म्हणजे व्याज मुद्दलात मिळवायची एक मुदत, वर्ष किंवा तिमाही. दुप्पट व्हायला लागणारे हप्ते = ०.६९३ भागिले (र − र²/२). खालून र बाहेर काढला, उरलं १ − र/२. ते छेदात आहे, म्हणून पुन्हा स्पर्शिकाच वापरली, वर आणल्यावर १ + र/२ झालं. म्हणजे ६९.३ ला आधी (१ + र/२) ने गुणायचं, मग दराने भागायचं.

८ टक्क्यांना ६९.३ × १.०४ = ७२.०७. आले ७२! वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

१२ टक्क्यांना ७३.४६ येतात, त्याला १२ ने भागून ६.१२ वर्षं. कॉम्प्युटरही ६.१२ म्हणतो. कृष्णाकाठ, तुझे २४ टक्केही केले, ३.२३ आले, तू ३.२२ सांगितलेस. आणि हो, ताईच म्हण.

आता गुरुजींची ठेव. ७२ हा आकडा एका हप्त्याला ८ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असेल तेव्हाचा. आमच्याकडे हप्ता तिमाहीचा, दर २.२५. तिथे ६९.३ × १.०११२५ = ७०.०८. भागिले २.२५, ३१.१५ तिमाही. गुणिले ३, ९३.४ महिने, म्हणून फलकावर ९४. गुरुजींनी ७० च्या जागी ७२ घेतले, दोन महिने तिथे गेले.

हे सगळं एका पानावर सुवाच्य लिहून पर्समध्ये ठेवलंय. गुरुजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घ्यायला येतात.

यवतेश्वर_घाट

ताई, त्यांनी पान वाचलं की १ − र/२ छेदातून वर कसं आलं, तेवढं विचारतील. गुरुजी आहेत ते. (१ − र/२) × (१ + र/२) गुणून दाखवा, १ − र²/४ येतं, आणि २.२५ टक्क्यांना ते १ पासून किती दूर आहे ते त्यांनाच काढू द्या.