बिल शून्य येतंय, मग छतावर सोलर कशाला?

वडगावचा_मागवाला: घराचं काम काढलंय. जो तो सांगालाय, तीन किलोवॅटचं सोलर बसवून टाका, केंद्राचं 78,000 अनुदान आहे. आमचा वापर दीडशे युनिटच्या आतला. ऑगस्ट 2023 पासून गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, बिल शून्य. शून्यातून आणखी काय वाचणार ओ? अनुदान धरूनही पदरचा लाखभर जाणारच. त्यापेक्षा कौलं शाकारून घेतो, स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं घालतो, दिवसा दिवा लावायला नको.

तिसरं_गेट: बिल तुम्हाला शून्य. रायचूरच्या वीज केंद्रात कोळसा जळायचा तो जळतोच, पैसे सरकार भरतं एवढंच. शिवाय तुमची फुकट युनिटांची मर्यादा 2022-23 च्या सरासरीवर बेतलेली. घरात माणूस वाढलं, वॉशिंग मशीन आलं, की फरकाचे पैसे सुरू. आणि 200 च्या वर एक युनिट गेलं तर अख्खं बिल तुमच्या गळ्यात. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतात. योजना तेवढी चालेल, असं लिहून देता काय?

वडगावचा_मागवाला: दोनशे ओलांडणारे तुम्ही एसीवाले. बेळगावच्या हवेला एसी लागतोच कशाला? स्लॅब टाकायचा, वरचा मजला तापवायचा, मग एसी घ्यायचा आणि तो चालवायला सोलर! आमच्या कौलांखाली माळा आहे. एप्रिलच्या दुपारीही पंखा एकवर पुरतो.

तिसरं_गेट: कौलांचं कौतुक पुरे. माकडं एकदा नाचून गेली की पावसात घरभर पातेली मांडायची. शाकारणारा माणूस मे महिन्यात मिळवून दाखवा. आम्ही हौसेनं स्लॅब टाकला नाही.

खानापूरची_सून: दोघंही गीझरचं नाव काढेनात. दोन किलोवॅटचा गीझर रोज तासभर, म्हणजे महिन्याला 60 युनिट. आम्ही आधी पाणी तापवायचा सोलर घेतला. मग रात्रभर फिरणारे पंखे बदलले: जुना 75 वॅटच्या आसपास ओढतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, साधारण तीस. विजेचं पॅनेल नंतर बघू. मात्र खरं सांगते, आमच्याकडच्या पावसात तो हीटर नुसता शोभेला असतो. तेव्हा बंबच पेटतो.

तिसरं_गेट: बंब! म्हणजे धूर चालतो, पॅनेल नको? छान पर्यावरण.

खानापूरची_सून: पॅनेल नको असं मी कुठं म्हटलं? ज्यांचं बिल तीनशे-चारशे युनिटचं, त्यांनी जरूर बसवावं. दीडशेवाल्यानं आधी वापर कमी करावा. बंबात आमच्या बांधावरच्या वाळक्या फांद्या आणि करवंट्या जातात, झाड तोडत नाही. धूर होतो, डोळे माझेच चुरचुरतात, ते मला सांगू नका.

वडगावचा_मागवाला: गीझर आमच्याकडेही आहे. पण कौलांवर ती सोलर हीटरची टाकी बसायची कशी?

खानापूरची_सून: कौलांवर नकोच. न्हाणीघरावर तेवढा स्लॅब घाला, टाकी त्यावर, नळ्यांचं तोंड दक्षिणेला. थंड पाण्याची टाकी तिच्यापेक्षा उंच हवी, नाहीतर पाणी चढायचं नाही. आणि गरम पाण्याचा पाइप गिलाव्याच्या आधीच टाकून घ्या. नंतर गवंडी भिंत फोडायचे वेगळे आणि बुजवायचे वेगळे पैसे घेतो.