मारुती ८०० च्या बुडाचा पत्रा गेलाय. घरी वेल्डिंग करायला मशीन कुठलं घेऊ?

लाल_डबा_९७ (कुडाळ)

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. विकायची नाही, त्यामुळे ‘भंगारात दे’ हा सल्ला कृपया नको.

गेल्या पावसात क्लचवरून पाय उचलला की टाचेखाली पचपच व्हायचं. मला वाटलं दाराचं रबर गेलं. गणपती झाल्यावर मॅट आणि त्याखालचं फेल्ट काढलं, तर ड्रायव्हरच्या पायाखाली दोन तळहातांएवढा भाग म्हणजे नुसता पापुद्रा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो सरळ खाली अंगणात. त्या भोकातून कोंबडीचं पिल्लू दिसलं, खोटं सांगत नाही. पलीकडच्या बाजूला दोन लहान भोकं आहेत. ड्रायव्हरच्या दाराखाली, जॅक लावायच्या जागेपाशी, पत्रा दाबला की कुरकुरतो.

इथल्या एका गॅरेजवाल्याने वरून पत्रा ठेवून रिव्हेट मारतो आणि खालून डांबर फासतो असं सांगितलं. म्हणजे पुढच्या पावसात डांबराच्या आत गंज सुखाने वाढणार. म्हणून म्हटलं, स्वतःच शिकावं. मी शाळेत शिकवतो, वेल्डिंगचा अनुभव शून्य. घराचं गेट जोडताना बघितलंय, तेही डोळ्यांवर हात ठेवून.

दुकानात २०० अँपिअरचं रॉडचं इन्व्हर्टर मशीन साडेसहा हजाराला आहे. दुसरं ‘थ्री इन वन’ म्हणून दाखवलं, ते बावीस हजारांचं. घरात सिंगल फेज, आणि संध्याकाळी व्होल्टेज १८५ वर येतं. काय करू?

चिंचवडी

साडेसहा हजारवालं घ्या. मी त्याच्यावर गच्चीवरची अख्खी शेड उभी केली, दहा नंबरचा (तीन मिलिमीटरच्या आसपास जाड) रॉड मस्त चालतो. शिकायला आठ दिवस लागतात. उरलेल्या पैशात गाडीला रंग होईल.

उद्यमनगर_पत्रेवाला (कोल्हापूर)

सर, आधी चिंचवडच्या भावाला उत्तर देतो. शेडचा चौकोनी पाइप दीड-दोन मिलिमीटरचा असतोय. ८०० च्या बुडाचा पत्रा नवा होता तेव्हाच पाऊण-एक मिलिमीटर, आता गंजून निम्मा राहिलाय. त्याला दहा नंबरचा रॉड लावला की चर्र करून भोक. ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं. मी १९९१ ला हेल्पर म्हणून लागलो तेव्हा असाच एका मडगार्डवर रॉड घेऊन बसलो होतो. मिस्त्री लांबून बघत होते. म्हणाले, “बुजव, बुजव. बुजवत बुजवत दारापर्यंत जाशील.”

त्या वेळी पत्र्याचं सगळं काम गॅसवर व्हायचं. कार्बाइडपासून ॲसिटिलीन गॅस करणारा जनरेटर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि बारीक टिप. गॅसचा जोड मऊ असतोय, हातोडीनं ठोकून बसवता येतोय. पण आंच लांबवर पसरते आणि पत्रा भाजलेल्या पापडासारखा वाकडा होतो. आणि घरी ॲसिटिलीन ठेवायचं नाव काढू नका.

तुम्हाला मिग लागणार. आमच्याकडं त्याला नुसतं ‘सीओटू’ म्हणतात. तार गनमधून आपोआप येते, गॅस भोवती सुटतो, बटन दाबलं की टाका, सोडलं की बंद. पातळ पत्र्यावर ह्या ‘सोडलं की बंद’लाच किंमत आहे.

दुकानदार तुम्हाला वरचा आकडा सांगणार, २०० अँपिअर, २५० अँपिअर. तुम्ही खालचा विचारा. हे मशीन ३०-४० अँपिअरला शांत चालतंय का? आपल्याच पत्र्याचा तुकडा खिशात घालून जा आणि तिथंच चालवून बघा. बऱ्याच स्वस्त मशीनचा काटा ३० दाखवतो, पण आर्क, म्हणजे तार आणि पत्र्यामधली विजेची ज्योत, ६० च्या खाली धरतच नाही. तुमच्या कामाला २०० कधीच लागणार नाहीत.

थ्री इन वनमध्ये मिग, रॉड आणि टिग असतंय. टिग, म्हणजे टंगस्टनच्या सुईनं जोडायचं, ते विसरा. त्याला पत्रा आरशासारखा स्वच्छ लागतो, गंजलेल्या जुन्या गाडीत तो मिळणार कुठून? रॉड मात्र असू दे, जाड पट्टीला, ब्रॅकेटला कामाला येतो. तार ०.८ ची घ्या. ०.६ मिळाली तर पातळ पत्र्याला आणखी बरी, पण तिला तार ढकलणारा रोलर आणि गनच्या तोंडाची टिप वेगळी लागते हे विसरू नका. एक आणि पाच किलोचं रीळ बसतं ते बघा. पंधरा किलोचं आणलं तर तुमच्या हवेत अर्धं गंजेल, आणि गंजकी तार लायनरमध्ये, म्हणजे गनकडं जाणाऱ्या नळीत, अडकून जीव खाते.

विजेचा हिशोब: ६० अँपिअरला आर्कवर साधारण १७ व्होल्ट असतात, म्हणजे एक किलोवॉट. मशीनचा तोटा धरून भिंतीतून आठ-एक अँपिअर ओढेल. १६ अँपिअरच्या सॉकेटला हे जड नाही. अडचण १८५ व्होल्टची. सकाळी करा. एक्स्टेन्शन अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरची, आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळून ठेवलेली वायर तापून वितळलेली मी बघितलीय.

दर्यावरचो_टेम्पो (रत्नागिरी)

सर, मी गॅसशिवायची तार वापरतो, म्हणजे पोटात पावडर भरलेली फ्लक्सची तार. सिलिंडर नको, भरायला जा-ये नको. बंदरावर वारा असा की गॅस उडून जातो, तिथे ही तार टिकते. टेम्पोचा हौदा मी तिच्यावरच जोडला. पण हौद्याचा पत्रा जाड आहे हे कबूल. पहिले दोन महिने नुसते शिंतोडे उडत होते, मशीनला शिव्या घातल्या. मग कळलं, ह्या तारेला गन मायनसला लावायची असते आणि मी गॅसच्या तारेसारखी प्लसला ठेवून बसलेलो.

उद्यमनगर_पत्रेवाला

बरोबर. ती तार गरम जळते, वर पपडी येते, एक मिलिमीटरखाली नवख्याच्या हाताला झेपत नाही. पडवीत, आडोशाला करणार असाल तर गॅसच घ्या. आर्गॉन-सीओटूचं मिक्श्चर मिळालं तर पातळ पत्र्याला सुख. नाहीतर साधा सीओटू चालतोय, शिंतोडे थोडे जास्त. मिनिटाला आठ-दहा लिटरवर ठेवा आणि पंखा बंद. सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला. सीओटूच्या गेजवर मात्र विश्वास टाकू नका. आत द्रव आहे तोवर काटा जागचा हलत नाही, आणि हलला की खेळ संपला. वजन करून ठेवा.

लाल_डबा_९७

काका, मनापासून आभार. गॅसचंच ठरवतो. आता प्रत्यक्ष पत्रा कसा लावायचा तेही सांगाल का? भोकावर वरून ठेवून चारी बाजूंनी सलग जोडायचं का?

उद्यमनगर_पत्रेवाला

सलग? सर, तेवढं करू नका.

आधी गाडीवर नाही, भंगारवाल्याकडून जुनं बॉनेट आणा आणि त्याच्यावर हात बसवा. त्याच्या चिंध्या झाल्या तरी चालतील. हात बसला की कानाला कळतं. तार आणि व्होल्ट जुळले की आवाज सलग येतो, पत्र्याच्या छपरावर सर पडल्यासारखा. गन हाताला मागं ढकलत असेल तर तार जास्त सुटतेय. तारेच्या टोकाला गोळी होऊन टिपला चिकटत असेल तर व्होल्ट जास्त.

मग गाडी. बॅटरीची मायनस काढा. पुढच्या दोन्ही सीट, मॅट, फेल्ट, सगळं बाहेर. खाली वाकून पेट्रोलची नळी आणि ब्रेकचा पाइप कुठून गेलाय ते आधी बघा, त्या बाजूला असेल तर सोडवून बाजूला घ्या. ८०० ची टाकी मागच्या सीटखाली आहे, तिकडच्या बाजूचं काम टाकी उतरवल्याशिवाय करायचं नाही. टाकी मोकळी असली तरी आतल्या वाफेचा बाँब होतो. आणि पत्रा पुसायला ब्रेक क्लीनरचा फवारा नको. क्लोरीनवाला असला तर आर्कखाली विषारी वायू होतो. थिनरनं पुसा, पूर्ण वाळू द्या, डबा लांब ठेवा.

गंज जिथं संपला वाटतो त्याच्या पुढं दोन बोटं कापा. टोचून बघा. टण् वाजलं पाहिजे, डब् वाजलं की अजून कापा. लोक इथंच कंजूषपणा करतात आणि मग मशीनला नावं ठेवतात. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा काढा, त्यावरून २० गेजचा सीआर, म्हणजे साधा काळा गुळगुळीत पत्रा कापा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घेऊ नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मला दोनदा आलाय. सकाळी उतरतो, पण ती रात्र आठवते.

बुडाला एकावर एक, अर्धा इंच चढवून लावलं तरी चालतंय, बाहेर दिसणाऱ्या पत्र्याला नाही. अर्थचा चिमटा जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या जागी. आता टाके. एक ह्या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या, मग उरलेले दोन. मग दोन टाक्यांच्या बरोबर मध्ये एक. परत त्यांच्या मध्ये. प्रत्येक टाका सेकंदभराचा. दोन-चार झाले की थांबा, हात ठेवता आला पाहिजे. चहा प्या. ओलं फडकं लावून थंड करू नका. फट मोठी असेल तिथं खालून तांब्याची पट्टी धरा, तांब्याला लोखंड चिकटत नाही.

आणि जोडीला एक माणूस, पाण्याची बादली, वाळू. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नका. माझ्या हातून एका गाडीत फेल्टचा हातभर तुकडा आत राहिला होता. वीस मिनिटांनी जेवायला बसलो आणि पोरगा ओरडत आला. गिऱ्हाइकाला सीटकव्हर मी माझ्या पैशानं घालून दिलं.

शेवटचं. जॅकपाशी कुरकुरतंय म्हणालात ना, ते तुमचं काम नाही. ८०० ला वेगळी चेसिस नसते, तो दाराखालचा बॉक्सच गाडीचं वजन धरतो. तो भाग, सीटबेल्ट जिथं बोल्टानं अडकतो ती जागा आणि सस्पेन्शनचे पाय, हे रोज हे काम करणाऱ्या माणसाकडंच.

चिंचवडी

माझा सल्ला मागे घेतो. काका, डोळ्यांचं पण सांगा. मला दोनदा आर्क लागलाय, रात्रभर डोळ्यांत वाळू. आई बटाट्याच्या चकत्या ठेवते.

उद्यमनगर_पत्रेवाला

आपोआप काळा होणारा हेल्मेट घ्या, काचेचा काळेपणा १० नंबरवर लावा, गॉगलवर भागवू नका. बटाट्यानं गार वाटतंय एवढंच. डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. आणि अंगात सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड कातडीला चिकटतं.

लाल_डबा_९७

काही आठवड्यांनी अहवाल. मशीन घेतलं, पत्र्याचा तुकडा खिशात नेऊन. पहिल्या दुकानात मालक हसला, दुसऱ्याने काही न बोलता वायर जोडून दिली. त्याच्याकडून घेतलं.

बॉनेटची चाळण झाली. चौथ्या रविवारी काकांनी सांगितलेला सरीचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आज बरां वाजतासा.”

ड्रायव्हरकडचा तुकडा बसला. भोक दोन तळहातांचं होतं, टण् वाजेपर्यंत कापता कापता ताटाएवढं झालं. शेहेचाळीस टाके, त्यात तीन ठिकाणी भोक पडलं, दोन बुजली, तिसऱ्याला कानातल्या भिकबाळीएवढी गाठ आली ती ग्राइंडरने घासली. पाणी ओतून बघितलं तर पुढच्या कोपऱ्यातून थेंब थेंब अंगणात. टाक्यांच्या मध्ये अजून जागा आहे, भरू का? की सीलंट लावून भागेल?

उद्यमनगर_पत्रेवाला

टाके एकमेकांना भिडेपर्यंत भरा, तसेच थांबत थांबत. मग घासा, इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडाला सीलंट, आतून आणि खालून दोन्हीकडून. खालच्या बाजूचा रंग टाक्यांनी जळला असणार, तिथूनच गंज परत सुरू होतोय. खालून जुनं ऑइल फासायची तुमच्याकडं पद्धत आहे, ते सीलंट पक्कं झाल्यावर.

गाठीचा फोटो टाका. आणि जॅकच्या जागेला हात लावला नाही ना?

लाल_डबा_९७

नाही काका. सोमवारी सावंतवाडीला नेतोय, तिथे एकजण बॉक्स कापून नवा घालून देतो म्हणालाय. मी बाजूला उभा राहून बघणार आहे, ह्या वेळी हेल्मेट घालून.