किट खुंटीला आणि माणूस कपाशीत : शेतात जपून काम नेमकं कशामुळे होतं?

कास्तकार_राळेगाव
मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा, आणि पटलं नाही तर भांडा. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस आणि तूर करतो. २०१७ चा हंगाम आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, नवे चार्जिंग पंप आलेले ज्यांचा फवारा हातपंपापेक्षा बारीक आणि जोराचा, आणि अळी मरत नाही म्हणून दोन-दोन तीन-तीन औषधं एकाच पंपात कालवून लोक मारत होते. एकट्या आमच्या जिल्ह्यात २० च्या वर माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, कित्येकांना डोळ्यानं दिसेनासं झालं. मग चौकशी पथक नेमलं, गावोगाव सभा झाल्या, पोस्टर लागले, फवारताना घालायचे हातमोजे-चष्मा-एप्रनचे किट वाटले. माझ्याही घरी एक किट आहे. खुंटीला.

आता परवाची गोष्ट. माझ्याकडे फवारणीला येणारा माणूस दहा वर्षांच्या ओळखीचा. नोझल, म्हणजे फवारा निघतो ते तोंड, चोंदलं, त्यानं ते काढलं, शर्टाला पुसलं आणि तोंडात धरून फुंकलं. मी धुऱ्यावरून, बांधावरून ओरडलो तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, पिन शोधत बसलो तर दोन पंप कमी होतात." रात्री झोप नाही लागली. कारण मी त्याला पंपामागे, म्हणजे मारलेल्या प्रत्येक टाकीमागे पैसे देतो. हातमोजे घातले तर झाकण उघडायला वेळ, चष्म्यावर वाफ धरली की पुसायला वेळ, वारा फिरला म्हणून थांबला तर तेवढे पैसे गेले. धोका त्याला माहीत नाही असं अजिबात नाही, २०१७ ला त्याच्याच मोहल्ल्यातले दोघं दवाखान्यात होते. म्हणून मला वाटतं की माहिती कमी पडत नाहीये, आपण कामाचा दर ज्या पद्धतीनं ठरवतो ती पद्धतच माणसाला घाई करायला लावते. मी आता रोजानं पैसे द्यायचं ठरवतोय. तुम्हाला काय वाटतं?

वावरातला_माणूस
नाही पटत. मी माझ्या ४ एकरात स्वतः फवारतो, मला कोण पंपामागे पैसे देतंय? तरी पंधरा वर्षं बनियनवर मारलं. पंपाचं झाकण गळतं, पाठ ओली होते, माहीत असतं आणि तरी माणूस म्हणतो एवढी ओळ संपवू आणि मग बघू. दर वगैरे सगळं नंतर, आधी आपल्या अंगात जो "मला काय होतंय" आहे तो जायला पाहिजे. माझा चुलतभाऊ कपाशीत घेरी येऊन पडला होता. झाडं एवढी उंच की अर्धा तास कोणाला दिसलाच नाही, पंपाची मोटर चालू आहे आणि फवारा एकाच जागी उडतोय हे बघून बाई धावत आली म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं, हातमोजे. भीती बसली की माणूस सुधारतो, दुसरं काही लागत नाही.

कास्तकार_राळेगाव
भाऊ वाचला हे फार बरं झालं. पण एक विचारतो, राग मानू नका. हातमोजे अजून घालता?

वावरातला_माणूस
दोन हंगाम घातले. खोटं नाही बोलणार. तिसऱ्या वर्षी फाटले, नवे आणायचे राहून गेले. फडकं बांधतो अजून. पण याचा अर्थ चूक माझी आहे, व्यवस्थेची नाही. माझ्या हातमोज्यांसाठी मी सरकारकडे बोट दाखवणार नाही.

कृषीपदवीधर
तुम्ही दोघंही किटवरच अडकलात. किट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. पहिला प्रश्न हा विचारा की ज्याला किट लागतं असलं विष आपल्या हातात येतंच कसं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची कीटकनाशकांबद्दलची जी आचारसंहिता आहे तिच्यात सरळ म्हटलंय की जी रसायनं हाताळायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारे संरक्षक कपडे लागतात ती टाळावीत, खासकरून उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या बाबतीत. म्हणजे विदर्भातल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा एप्रन घालून कोणी दिवसभर उभा राहणार नाही हे जगाला माहीत आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर २००५ पासून चालत नव्हतं, तरी बाटली दुकानात होतीच, मग ती भाजीवर जाते की कपाशीवर हे कोण बघणार? २०२३ ला त्याच्यावर बंदीचा आदेश आला. जी बाटली दुकानातच नाही तिच्यापासून वाचायला ना भीती लागते ना सवय.

आणि एक बारीक गोष्ट पण मला महत्त्वाची वाटते, आपण विषाला "औषध" म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी माझ्या काकांना विचारलं तर ते म्हणाले आम्हाला वाटलं तो कंपनीचा मार्का आहे.

भारी_काळी
भाऊ तुमचं बराबर हाय, पन ३ एकरवाल्याले विचारून पाहा. बंद केलं ते स्वस्त होतं. त्याच्या जागी जे आलं ते महाग. अळी तं थांबत नाई ना तुमच्या आदेशासाठी. आमी काय शौकानं मारतो काय? दुकानदार जे हातात देईल ते आनतो, कारन उधारी त्याच्याकडंच हाय. तो म्हनला हे दोनी मिसळून मारा तं मिसळतो. आता ज्याची उधारी चार महिने चालू हाय त्याले मी सांगू काय, का लाल तिकोन नको मले, निळा दाखव? सुरक्षा शिकवायची असन तं आधी दुकानदाराले शिकवा, अन् उधारीतून आमाले मोकळं करा. बाकी पोस्टर लय पाहिले.

तासगावची_बाग
आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे म्हणून सांगतो. द्राक्ष. निर्यातीचा माल असला की बागेची नोंदणी होते, कोणतं औषध कधी मारलं त्याची वही ठेवावी लागते, काढणीआधी इतके दिवस फवारणी बंद म्हणजे बंद, मग रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या औषधाची तपासणी. युरोपचा खरेदीदार ग्लोबलगॅपचं, म्हणजे शेती नियमानं केल्याचं सर्टिफिकेट मागतो, त्याच्यात औषधाची खोली कुलपात पाहिजे, फवारणाऱ्याला कपडे पाहिजेत, हात धुवायला पाणी पाहिजे. सुरुवातीला आम्हीही वैतागलो होतो. पण कंटेनर परत आला तर वर्ष बुडतं, त्यामुळे सगळी बाग वळणावर आली. शेतकरी बाजारभावाचं ऐकतो. भाषणानं आमच्या गावात कोणी बदलला नव्हता, खरेदीदारानं ते काम दोन वर्षांत केलं.

कृषीपदवीधर
हे खरं आहे, पण बघा ना, रेसिड्यूची सगळी काटेकोर तपासणी युरोपात द्राक्ष खाणाऱ्यासाठी आहे. पंप पाठीवर घेणाऱ्याचं रक्त कोणी तपासत नाही. आणि तुमच्याकडे फवारायला ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, पाठीवरचा पंप नाही. कपाशीला असा कोणता खरेदीदार आहे जो विचारेल की हा कापूस पिकवताना कोण आजारी पडलं?

तासगावची_बाग
मान्य. पण सुरुवात कुठूनही होऊ दे ना. आमच्या मजुराला हात धुवायला नळ मिळाला तो परदेशी माणसामुळे मिळाला, म्हणून नळ वाईट होत नाही.

विहिरीकाठची
शेतकरी म्हटलं की तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यापुढे पंप घेतलेला पुरुष येतो. पंपात पाणी आणून कोण ओततं? विषाचे कपडे कोण धुतं, तेही घरच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत? मी धुतलेत, रात्री बोटं चुरचुरायची आणि मला वाटायचं सोड्यामुळे होत असेल. सभेला आम्हाला कोणी बोलावलंच नाही, किट घराला एक, हातमोजे पुरुषाच्या मापाचे.

आता भीती मोठी की दर मोठा यावर माझं मत. हरभऱ्याची मळणी चालू होती, माझ्या शेजारी उभी असलेली बाई पेंढ्या आत ढकलत होती, पदर कमरेला खोचलेला सुटला आणि टोक आत गेलं. ट्रॅक्टरवाल्यानं लगेच बंद केलं, पण तेवढ्यात पदर खांद्यापर्यंत ताणला गेला होता, ब्लाऊजची शिवण उसवली, गळ्यावर दोरी फिरल्यासारखा वळ उठला. मळणीयंत्राच्या अपघातांसाठीच १९८३ चा केंद्राचा कायदा आहे, धोकादायक यंत्रांचा, पेंढी आत सारायचं तोंड लांब आणि झाकलेलं असायला पाहिजे म्हणून. त्या मशीनचं झाकण काढून ठेवलेलं होतं, कारण झाकण असलं की काम हळू होतं आणि मशीन तासावर असतं. म्हणजे राळेगावच्या भाऊंचं बरोबर आहे.

पण दुसरं ऐका. आमच्या गावात आज शेतात जाणारी प्रत्येक बाई साडीवर पुरुषाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधते. पदर आपोआप शर्टाच्या आत जातो. हे कोणत्या अधिकाऱ्यानं सांगितलं नाही. ऊन लागत नाही, कुसळ टोचत नाही, शर्ट घरातच पडलेला असतो, आणि सगळ्याच घालतात म्हणून कोणी हसत नाही. पहिल्या दोघी-तिघींना हसले होते म्हणे. मला वाटतं जपून काम करायची जी गोष्ट कामातच आरामाची असते आणि शेजारीणही करते तीच टिकते. उन्हात उकडणारं प्लास्टिक कधीच टिकणार नाही.

रात्रीची_लाईट
जुन्नरकडचा आहे. ताईंचं सगळ्यात जास्त पटलं, पण काही धोके असे आहेत की तिथे आमचा शर्ट, आमची सवय काही कामाची नाही. शेतीची लाईट आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीची. रात्री एक वाजता बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं, पायाखाली घोणस आहे की ओला पाचट आहे ते कळत नाही, उसात बिबट्या. मोटरच्या पेटीजवळ चिखल आणि ओल्या हातानं स्टार्टर. आम्ही गमबूट घालतो बरं का, सगळे घालतात, कारण साप डोळ्याला दिसतो. औषध दिसत नाही म्हणून हातमोजे घालत नाही, एवढाच फरक आहे. पण गमबुटानं बिबट्या थांबत नाही. माझ्या भावाच्या शेताला वीज देणारी लाईन, म्हणजे फीडर, सोलरवर गेला, त्याला दिवसा लाईट मिळते, त्या दिवसापासून तो रात्री घरी झोपतो. त्याला काही जनजागृती करावी लागली नाही हो. तोच माणूस, तेच शेत.

वावरातला_माणूस
म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या मते शेतकऱ्याची स्वतःची जबाबदारी शून्य? हे मी नाही मानणार. तंबाखूचा खर्रा मळलेल्या हातानं औषध कालवणं आणि औषधाच्या हातानं परत खर्रा तोंडात टाकणं, हे कोणत्या वीज कंपनीनं शिकवलं? हात धुवायला एक मिनिट लागतं.

विहिरीकाठची
एक मिनिट लागतं आणि पाणी लागतं. विहीर त्या टोकाला असते. बांधावर साबण आणि घागर ठेवून बघा, लोक धुतात. मी ठेवते.

पंपवाला
मी दुसऱ्याच्या शेतात फवारतो. शेत नाही मला. राळेगावच्या भाऊनी लिहिलं ते वाचलं, मन चांगलं आहे त्यांचं, पण रोजानं पैसे देऊ नका. आमचा फवारणीचा धंदा दोन-अडीच महिने, त्यात जे कमवू त्याच्यावर पुढं पोरांची फी आणि दिवाळी. रोज केला तर माझे निम्मे पैसे जातील आणि मी दुसऱ्या शेतकऱ्याकडे जाईन जो पंपावर देतो. मग तुमच्या शेतात मी सुरक्षित आणि त्याच्या शेतात मरतो, काय फरक पडला?

दुसरं, मला काही झालं तर घरच्यांना काय? गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात योजना आहे, मृत्यूला २ लाख मिळतात, पण ती सातबारावाल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. विष माझ्या अंगावर उडतं आणि कागद तुमच्या नावावर आहे. मी किट का घालत नाही असं विचारता, आजपर्यंत ज्यांच्याकडे गेलो त्यातल्या कोणी किट आणून बांधावर ठेवलं नाही, घरी खुंटीला आहे म्हणतात. नोझल मी पण फुंकतो. चव कडू असते, मग थुंकतो, पाणी पितो. दुपारनंतर डोकं जड होतं त्याला आम्ही ऊन लागलं म्हणतो.

कास्तकार_राळेगाव
पंपवाला भाऊ, तुमचं दोनदा वाचलं. सरळ उत्तर देतो. रोजाचा विचार सोडला. काल माझ्या माणसाशी बसून बोललो, आधी विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं. ठरलं ते असं : पंपामागे दर आधीपेक्षा जास्त, पण दिवसाला ठरावीक पंपांच्या वर नाही, म्हणजे त्याचे पैसे तेवढेच राहतील आणि काम सकाळी लवकर सुरू होऊन ऊन-वारा वाढायच्या आत संपेल. वारा सुटला आणि थांबावं लागलं तर राहिलेल्या पंपांचे पैसे द्यायचे, ते माझ्या अंगावर. एकाऐवजी तीन दिवस लागतील, अळी थोडी जास्त खाईल, खाऊ दे.

सातबाराच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रामसभेत मांडणार आहे, एवढंच सांगू शकतो.

किटातला प्लास्टिकचा एप्रन राहू दिला, विहिरीकाठच्या ताईंचं ऐकून दोन जुने फुल बाह्यांचे सुती शर्ट आणि पाठीला बांधायला एक रेग्झिनचा तुकडा, कारण पाठच भिजते. धुऱ्यावर साबण आणि पाण्याची कॅन. शर्ट तिथेच धुवून तिथेच वाळत घालायचे, घरी न्यायचे नाहीत. जास्तीची दोन नोझल आणलीत, आणि पिन सुतळीनं पंपाच्या पट्ट्यालाच बांधून टाकली. उद्या सकाळी सहाला सुरुवात आहे.

पंपवाला
पिनीचं मी पण करतो. सुतळी नको, औषधानं कुजते. तार बांधा.