सात महिन्यांच्या बाळाला ब्राँकिओलायटिस, डॉक्टर औषधच देत नाहीयेत! मदत हवी आहे

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी. एरवी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही हॉस्पिटलमध्ये बाळाच्या कॉटशेजारी बसून मोबाईलवर, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मुलगा सात महिन्यांचा आहे. दिवस पूर्ण भरून झालेला, वजन छान, आजवर साध्या सर्दीपलीकडे काही नाही. मोठीने शाळेतून सर्दी आणली, ती नाक पुसत दोन दिवसात बरी पण झाली, याची मात्र छातीत उतरली. आधी नाक गळत होतं, मग खोकला, आणि शुक्रवारी रात्री पोट उडायला लागलं. दूध ओढता ओढता मध्येच सोडून द्यायचा आणि नुसता धापा टाकायचा. जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं तर तिथे नेब्युलायझर लावला, एक इंजेक्शन दिलं (स्टेरॉईड होतं हे नंतर कागदावर वाचलं), अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं. रात्री परत तेच सुरू झालं म्हणून मग ठाण्यातल्या मुलांच्या हॉस्पिटलला अॅडमिट केलं.

इथे सगळं उलटंच. मॅडमनी नेब्युलायझर बंद केला, अँटिबायोटिक बंद केलं, एक्सरे काढूया का विचारलं तर गरज नाही म्हणाल्या. नाकात सलाईनचे थेंब, सक्शन, नळीने ऑक्सिजन, थोडं थोडं दूध. बस, एवढंच. व्हायरल आहे, बहुतेक आरएसव्ही नावाचा व्हायरस, याला औषध नाही, तीन ते पाच दिवसांत सगळ्यात जास्त त्रास होतो आणि मग उतरतो, असं म्हणाल्या. बोलतात छान, वेळ देतात, पण औषधच द्यायचं नव्हतं तर अॅडमिट कशाला केलं असं मनात येतंच ना? आई (सासूबाई) तर स्पष्टच म्हणतात की एवढं बिल लावतात आणि चमचाभर औषध देत नाहीत.

त्यात आज नर्सने ऑक्सिजन काढला. मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन ९१-९२ टक्के दिसतोय, झोपला की ९० पण होतो, आणि मॅडम म्हणतात चालेल! कोविडच्या वेळी ९४ च्या खाली गेलं की पळा हेच डोक्यात बसलंय. नवऱ्याने तर घरचा ऑक्सिमीटर पण आणलाय आणि तो मॉनिटर आणि बाळ सोडून त्याच्याकडेच बघत बसलाय. नेरूळच्या नणंदेचं म्हणणं आहे की तिच्या भाच्याला दर चार तासांनी नेब्युलायझर देत होते, तुम्ही पण हॉस्पिटल बदला. हलवू का? की हे खरंच असंच करतात आता? कुणाला अनुभव असेल किंवा कुणी डॉक्टर असेल तर प्लीज सांगा.

चहाबाज

काळजी घ्या ताई. वाचतोय. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

पामबीच

आमच्या पुतण्याला असंच झालं होतं, नेब्युलायझर दिल्यावर दोन दिवसात हसायला लागला. मी तर म्हणेन सेकंड ओपिनियन घ्याच. मुलांच्या बाबतीत रिस्क नको.

नाईट_ड्युटी

मी पेड्सची (लहान मुलांच्या विभागातली) रेसिडेंट डॉक्टर आहे, सध्या नाईटला आहे त्यामुळे तुटक तुटक लिहीन. बाळ मी बघितलेलं नाही, त्यामुळे तुमच्या मॅडम जे सांगतील ते आधी, माझं नंतर. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी त्या नीट काम करतायत असंच वाटतंय.

नेब्युलायझरचं आधी सांगते. दम्यात श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, नेब्युलायझरमधून देतात ते साल्ब्युटामॉल ते सैल करतं, म्हणून दम्याच्या मुलाला लगेच आराम पडतो. ब्राँकिओलायटिसमध्ये भानगड वेगळी असते. फुफ्फुसातल्या अगदी टोकाच्या बारीक नळ्या आतून सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. आवळलेलं काही नसतंच, मग सैल काय करणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१४ च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की ब्राँकिओलायटिसच्या बाळाला साल्ब्युटामॉल देऊ नका, स्टेरॉईड देऊ नका, बॅक्टेरियाचं इन्फेक्शन नसेल तर अँटिबायोटिक देऊ नका, सरसकट एक्सरे काढू नका. स्टेरॉईडची तर मोठी चाचणी झालीये, २००७ साली, अमेरिकेतल्या २० इमर्जन्सी विभागांत ६०० बाळांवर. निम्म्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड, निम्म्यांना नुसतं गोड पाणी म्हणा. अॅडमिट होण्याच्या प्रमाणात काही फरक नाही. त्या एका इंजेक्शनने बाळाचं काही बिघडलं असं नाही हं, ते डोक्यातून काढून टाका.

@पामबीच, पुतण्या दोन दिवसात हसला कारण दोन दिवस गेले. हे मी चिडून म्हणत नाहीये, आम्हा डॉक्टरांची पण वर्षानुवर्षं अशीच समजूत होती.

आता ९० चं. यावर दोन अभ्यास मला फार आवडतात. टोरंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये २१३ बाळांवर एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. अर्ध्या बाळांच्या ऑक्सिमीटरवर मुद्दाम खऱ्यापेक्षा ३ आकडे जास्त दिसतील अशी सोय केली होती. डॉक्टरांना खरा आकडा दिसायचा त्या गटातली ४१ टक्के बाळं अॅडमिट झाली, वाढवलेला दिसायचा त्या गटातली २५ टक्के. दोन्हीकडची बाळं सारखीच आजारी, तरी फक्त आकड्यामुळे एवढी जास्त अॅडमिट झाली! दुसरा ब्रिटनमधला, आठ हॉस्पिटलं, ६१५ बाळं, २०१५. तिथे एका गटाच्या मशीनवर खरं ९० असताना ९४ दिसायचं, म्हणजे त्यांना ऑक्सिजन ९० च्या खाली गेल्यावरच मिळाला. खोकला जायला दोन्ही गटांना तेवढाच वेळ लागला, मधला आकडा १५ दिवस. उलट ९० वाल्या गटातली बाळं लवकर नीट दूध प्यायला लागली आणि घरी पण लवकर गेली. कोविडचा ९४ कोविडपुरता होता, तो इथे लावू नका. मात्र हे धडधाकट बाळांचं झालं, हृदयाचा आजार असेल किंवा फार अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हिशोब वेगळा.

आणि तो घरचा ऑक्सिमीटर बॅगेत ठेवायला सांगा. मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला क्लिप बाळाच्या बोटावर काहीही दाखवतो.

बघायचं ते बाळाकडे. बरगड्या आत खेचल्या जातायत का, कण्हतोय का, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जातंय का, लंगोट कोरडे राहतायत का, मध्येच श्वास थांबतो का, ओठ निळसर दिसतात का. यातलं काही दिसलं की वाट न बघता नर्सला हाक मारायची. अॅडमिट यासाठीच केलंय, हे चोवीस तास कुणीतरी बघावं म्हणून. बेल वाजली, येते.

तलावपाळीचा_आजोबा

हे सगळं कॅनडा-ब्रिटनचं झालं. आपल्याकडे घोडबंदरला धूळ केवढी, मेट्रोचं काम, बांधकामं, आपली पोरं आणि त्यांची पोरं सारखी कशी? आमच्या वेळी डॉक्टर बाटली द्यायचे आणि पोर बरं व्हायचं. शिवाय ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, धुरी द्यायची.

नाईट_ड्युटी

आजोबा, पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे. तिकडचं जसंच्या तसं इकडे लावता येत नाही, आपल्याकडे कमी वजनाची बाळं जास्त, खरा न्यूमोनिया जास्त, आणि त्या बाळांना अँटिबायोटिक वेळेवर मिळालं नाही तर जीव जातो. म्हणूनच कुठल्या बाळाला द्यायचं आणि कुठल्याला नाही हे तपासून ठरवावं लागतं. पण कमी औषधाचं संशोधन फक्त गोऱ्यांचं आहे असंही नाही. सौम्य न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तीन दिवस पुरतं की पाच दिवस लागतं, याची चाचणी भारतातच झाली, सात मोठ्या हॉस्पिटलांच्या ओपीडीत, २१८८ मुलांवर, २००४ साली छापून आली. तीन दिवसवाली ८९.५ टक्के बरी, पाच दिवसवाली ८९.९. ब्रिटन-कॅनडावाले तसंच काही करून बघायला लागले ते नंतर बऱ्याच वर्षांनी.

ओव्याचा शेक लांबून, कोमट, चटका न देता, तर माझी हरकत नाही, माझी आज्जी पण द्यायची. धुरी मात्र अजिबात नको. तुंबलेल्या नळ्यांमध्ये आणखी धूर कशाला? कापराचा बाम पण बाळाला चोळायचा नाही, त्या वयात कापूर विषारी ठरतो.

हो, आणि एक राहिलं. बाळ वर्षाच्या पुढचं असेल, परत परत घरघर होत असेल, घरात दमा असेल, तर डॉक्टर नेब्युलायझर देऊन बघतात, त्यात काही चूक नाही. नणंदेच्या भाच्याचं कदाचित तसं असेल. एकाचं औषध दुसऱ्याला लावायचं नाही एवढंच.

घोडबंदरवाली

खूप खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, ऑक्सिमीटर बॅगेत गेला. आता नवीनच टेन्शन. दूध फारच कमी जातंय म्हणून सकाळच्या राऊंडला मॅडम म्हणाल्या नाकातून पोटात नळी घालून दूध देऊया, तुमचंच काढून. आईंनी नळी ऐकलं आणि रडायलाच लागल्या, मला पण बघवणार नाही असं वाटतंय. त्यापेक्षा सलाईन का लावत नाहीत? आणि शेजारच्या बाळाला हाय फ्लोचं मशीन लावलंय, ते याला का नाही विचारलं तर म्हणाल्या लागलं तर लावू. पैसे वाचवायला असं तर नाही ना?

मी_पण_आई (वाशी)

नळीला घाबरू नका गं. माझी अपुऱ्या दिवसांची, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) कितीतरी दिवस नळीनेच प्यायली. घालताना क्षणभर रडतात, मग विसरतात. सलाईनसाठी शीर शोधताना चार चार वेळा टोचतात ते जास्त बघवत नाही, खरं सांगते. आणि पैसेच काढायचे असते तर हॉस्पिटलने मशीन लावलं असतं, टाळलं नसतं 😀

नाईट_ड्युटी

वाशीच्या ताई अगदी बरोबर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ७५९ बाळांवर हेच बघितलं होतं, नाकातली नळी की सलाईन. हॉस्पिटलमधले दिवस जवळपास सारखेच. पण नळी ८५ टक्के बाळांना पहिल्याच प्रयत्नात बसली, सलाईनची सुई ५६ टक्क्यांना. शिवाय पोटात तुमचं दूध जातं, नुसतं साखर-मिठाचं पाणी नाही. फार धाप असेल तर नळीने पण दूध देत नाहीत, मग सलाईनच, ते मॅडम ठरवतील.

हाय फ्लो म्हणजे गरम, दमट केलेली हवा आणि ऑक्सिजन जोरात नाकातून. चांगली गोष्ट आहे, पण सगळ्यांना पहिल्यापासून लावायची नाही. १४७२ बाळांची चाचणी २०१८ मध्ये आली, तीही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचीच. साध्या ऑक्सिजनवर २३ टक्के बाळांचे उपचार वाढवावे लागले, हाय फ्लोवर १२ टक्के. पण हॉस्पिटलमधले दिवस किंवा ऑक्सिजनचे तास काही कमी झाले नाहीत, आणि साध्या ऑक्सिजनवर ज्यांचं भागलं नाही त्यातल्या बहुतेकांना नंतर हाय फ्लो लावून चाललं. म्हणजे "लागलं तर लावू" हे उत्तर बरोबर आहे. फक्त एवढं विचारून ठेवा की रात्री लागलं तर मशीन रिकामं आहे का, आणि पीआयसीयू (मुलांचं आयसीयू) याच इमारतीत आहे की गाडीतून हलवावं लागेल. रात्री घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ही चौकशी करण्यात अर्थ नसतो.

टीपीए_पीडित

मेडिक्लेम कॅशलेस आहे का? असेल तर एक काम आजच करा. आमच्या वेळी टीपीएने (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारी एजन्सी) क्वेरी काढली की औषधंच दिलेली नाहीत, नुसतं ऑब्झर्वेशनला ठेवलं होतं. पॉलिसीत फक्त तपासणीसाठी केलेली अॅडमिशन वगळलेली असते, त्यात बसवायला बघतात. डॉक्टरना सांगून रोजच्या नोट्समध्ये श्वासाचा वेग, बरगड्या ओढल्या जातायत, ऑक्सिजन किती लिटर किती वेळ, दूध किती गेलं, नळी का घातली, हे सगळं लिहून घ्या. डिस्चार्ज समरीत पण. ऑक्सिजन आणि नळीचं फीड हे उपचारच आहेत, नंतर भांडत बसण्यापेक्षा आधी कागद पक्का.

सहावा_महिना

थोडं अवांतर, माफ करा. मी ऐरोलीची, डिसेंबरची डेट आहे, हे वाचून घाबरले. आरएसव्हीवर लस वगैरे आहे का?

नाईट_ड्युटी

दोन गोष्टी आहेत. एक लस गरोदरपणात आईला देतात, तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते. दुसरं निर्सेव्हिमॅब, ही लस नाही, तयार अँटिबॉडीचं एकच इंजेक्शन बाळाला. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीत ८०५८ बाळांवर बघितलं, २०२३ चा पेपर, आरएसव्हीमुळे अॅडमिट होणं ८३ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्यासाठी काय आणि कधी ते तुमच्या गायनॅकना या व्हिजिटला विचारा, नंतरवर ढकलू नका. बाकी साधं, सर्दीवाल्या पाहुण्यांना बाळाजवळ येऊ द्यायचं नाही, हात धुवून घ्यायचं, घरात सिगरेट नको. बारशाला सगळे पापे घेतात ते बंद.

घोडबंदरवाली

अपडेट. नळी घातली, वाशीच्या ताई म्हणाल्या तसंच झालं, रडला आणि झोपला. पीआयसीयू याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, मशीन रिकामं आहे, विचारून घेतलं. हॉस्पिटल बदलत नाहीये. आईंची समजूत पूर्ण पटलेली नाही पण मॅडमनी त्यांना स्टेथो लावून छातीतला आवाज ऐकवला आणि हा आवाज औषधाने का जात नाही ते सांगितलं, तेव्हापासून बिलाबद्दल बोलणं बंद आहे. श्वासाचा वेग कालच्यापेक्षा कमी आहे म्हणे. नोट्सचं पण सांगून ठेवलंय, त्यांनी लगेच लिहिलं.

घरी गेल्यावर परत कधी आणायचं आणि खोकला राहिला तर काय? आणि मोठीला शाळेत पाठवू की नको?

नाईट_ड्युटी

छान. श्वास परत जोरात चालायला लागला, दूध निम्म्यावर आलं, बारा तास लंगोट ओला झाला नाही, किंवा बाळ मलूल पडलं तर लगेच परत, रात्र असली तरी. नुसता खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो, त्यासाठी कफ सिरप देऊ नका, या वयात तर नाहीच. प्रत्येक फीडच्या आधी नाकात सलाईनचे थेंब घालून नाक मोकळं करा आणि थोडं थोडं, वारंवार पाजा. मोठी बरी असेल तर शाळेत जाऊ दे, घरी आली की आधी हात धुवून कपडे बदलायचे, मगच भावाजवळ.

टीपीए_पीडित

डिस्चार्जच्या दिवशी सकाळीच फायनल बिल टीपीएला पाठवायला लावा. दुपारी पाठवलं तर संध्याकाळपर्यंत लॉबीत बसवतात.