मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलायचाय, पण विंडोज परत टाकायचं नाहीये

नमस्कार मंडळी,
माझं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे, पत्रिका, पावतीपुस्तकं, प्रश्नपत्रिका अशी कामं. मेन मशीनचा एच६१ बोर्ड आता शेवटच्या घटका मोजतोय, प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर वरून फुगलेत आणि पेजमेकर चालू असताना मधेच रीस्टार्ट होतं. एच६१० बोर्ड आणि आय३ १२१०० प्रोसेसर घ्यायचं ठरवलंय, एसएसडी मात्र तीच ठेवायचीय.

कारण त्यातलं विंडोज १० मला हलवायचंच नाहीये. पेजमेकर, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), जुना कोरल सगळं त्यात सेट झालंय, सीड्या आता कुठून आणू, आणि जुन्या फाइली युनिकोड नाहीत, फॉन्टची आवृत्ती जरा इकडची तिकडे झाली की जोडाक्षरं फुटतात. ऐन लग्नसराईत पत्रिकेवर नाव चुकलेलं कोण खपवून घेईल?

सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड लेगसी (बूट व्हायची जुनी पद्धत) दिसतोय, डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारावाच लागेल. एसएसडी तशीच नव्या बोर्डला लावली तर चालेल का? आणि ॲक्टिव्हेशनचं काय?

प्रतिसाद १
फॉरमॅटची गरज नाही, पण तशीच लावली तर बूट होणार नाही. या नव्या बोर्डांवर ऑनबोर्ड ग्राफिक्स वापरताना लेगसी बूट मिळत नाही, यूईएफआय ही नवी पद्धतच लागते, म्हणजे डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत करावी लागेल. सगळ्यात आधी अख्ख्या एसएसडीची इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर काढा, ही पायरी गाळू नका. मग जुन्या मशीनवर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एमबीआर२जीपीटी (एमबीआर डिस्क जीपीटी करणारं विंडोजचं टूल) नुसतं व्हॅलिडेट करून, म्हणजे काहीही न बदलता तपासून बघा, डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर तिथेच अडेल. कन्व्हर्ट मात्र बोर्ड बदलल्यावर, विंडोज १० च्या पेनड्राइव्हने बूट करून शिफ्ट एफ१० दाबून करा, म्हणजे तोपर्यंत जुनं मशीन चालू राहील. जुन्या बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडायची सेटिंग) जुना आयडीई आहे की नवा एएचसीआय तेही बघा, आयडीई असेल तर आधी सेफ मोडमधून एएचसीआयवर आणा, नाहीतर नव्या बोर्डवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइसची निळी स्क्रीन येऊ शकते. नव्या बायोसमध्ये व्हीएमडी ही इंटेलची स्टोरेज सेटिंग बंद ठेवा. पहिल्यांदा चालू होताना डिव्हाइस तयार करत बराच वेळ घेतं, तेव्हा बटण दाबून बंद करू नका.

प्रतिसाद २
ॲक्टिव्हेशनसाठी बोर्ड काढायच्या आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून लायसन्स त्याला जोडा. एसएलएमजीआर डीएलआय कमांडने लायसन्स रिटेल (सुटं विकत घेतलेलं) आहे की ओईएम (मशीनबरोबर आलेलं) ते कळेल. रिटेल असेल तर ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय घेऊन परत चालू होतं, ओईएम जुन्या बोर्डाबरोबरच जातं, मग नवीन घ्यावं लागेल. लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि श्रीलिपीचं डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी चावी) यूएसबीचं आहे की जुन्या प्रिंटर पोर्टचं ते सांगा, कारण तसा पोर्ट नव्या बोर्डांना मागच्या बाजूला बहुतेक नसतोच.