मदत हवी आहे: तीस वर्षं गाडी चालवली, पण मागं बसता येईना

नमस्कार मंडळी,

प्रश्न वाचून हसू आलं तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहायला अंबाजोगाईला, शाळा परळीच्या वाटेवर, घाट उतरून पुढे. १९९४ साली सेकंडहँड बजाज एम-एटी दुचाकीवर हात बसवला. तेव्हापासून दुसऱ्याच्या मागं बसल्याचं मोजून दहा-बारा वेळा आठवतं, तेही लग्नाच्या गडबडीत. दीड महिन्यापूर्वी कडब्याची गंजी लावताना वरून घसरलो आणि उजवं मनगट अंगाखाली आलं. आत प्लेट टाकली आहे. तीन महिने हँडलला हात लावायचा नाही, आणि मागं बसून गेलो तरी त्या हातानं काही धरायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे.

थोरली मुलगी परळीला नोकरीला आहे. माझी शाळा तिच्या वाटेवरच, त्यामुळे आता स्प्लेंडर माझीच, पण ती पुढे आणि मी मागं. गाडी ती चांगली चालवते, माझ्यापेक्षा सावकाशच. अडचण माझी आहे. तिसऱ्या दिवशी शाळेसमोर उतरलो तर हेल्मेट काढून म्हणाली, "बाबा, तुम्ही मागं बसत नाहीत, मागून गाडी चालवायलात."

तिचं गाऱ्हाणं असं. तिनं ब्रेक दाबला की मी पुढं सरकतो आणि माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर ठक्कन आपटतं. घाटाच्या वळणावर ती गाडी झुकवते तेव्हा मी उलट्या अंगाला ताठ होतो. समोर ट्रॅक्टर किंवा राख वाहणारा हायवा टिपर असला की ओव्हरटेक करता येईल का ते बघायला मी उजवीकडं मान बाहेर काढतो, तेवढ्यात तिचं हँडल डुलतं. चौथी गोष्ट मला अजून पटलेली नाही. ती म्हणते, जोरात ब्रेक दाबला की गाडी जराशी उजवीकडं ओढते, आणि हे फक्त मी मागं असतानाच होतं. एकटी असली की गाडी सरळ थांबते. मेकॅनिकला दाखवली. ब्रेक, चाक, बेअरिंग सगळं ठीक आहे म्हणाला.

माझी बाजू सांगायची तर शाळेत पोचेपर्यंत मांड्या दगड झालेल्या असतात आणि माकडहाडाची तर वाटच लागते. डावा हात कुठं ठेवावा तेच कळत नाही. तिच्या खांद्यावर ठेवला तर म्हणते हँडल जड होतंय.

हे सगळं घरी सांगितलं तर सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "तीस वर्षं तुमच्या मागं बसले. कधी इचारलंत का, कशी बसायलीस म्हणून?" नव्हतं विचारलं. त्यामुळे तिच्या वतीनंही एक प्रश्न घ्या: पाचवारी साडीत एकीकडं पाय टाकून बसताना काय सांभाळावं? वय ५१, गुडघे कुरकुरतात.

सेलूचा गॅरेजवाला

सर, आधी गाडीचं बघा. चेनकव्हरवर किंवा तिथंच आसपास स्टिकर असतं, त्यावर मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे दिलेले असतात. एक एकट्यासाठी, एक डबलसीटसाठी. दुसरा कुणी वाचतच नाही. हवा भरणारं पोरगं विचारतं किती, आपण म्हणतो तीस, झालं काम. हवा सकाळी टायर गार असताना तपासा.

मागच्या शॉकअपला खाली खाचांची गोल कडी असते, ती पान्यानं एक-दोन घर कडक करून घ्या. दोन्हीकडं सारखी, हे विसरू नका. एकीकडं पहिलं घर अन् दुसरीकडं तिसरं, अशा गाड्या माझ्याकडं येतच असतात. अजून एक, मागं वजन पडलं की हेडलाईटचं तोंड वर होतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं. अंधारात परत येत असाल तर दोघं गाडीवर बसून भिंतीवर उजेड पाडा अन् फोकस खाली घ्या.

गावाकडचा पाहुणा

एसटीनं जा की ओ सर! मुलीला तर अर्धंच तिकीट.

धागाकर्ता

आमच्या वेळेच्या गाडीला दारात लटकावं लागतं. एका हातानं किती लटकू?

लातूरची सून

सर, मी तुमच्या मुलीच्या जागी आहे. माझ्या मागं सासरे बसतात, तेही जुने ड्रायव्हर, त्यामुळे पुढून काय जाणवतं ते सांगते.

स्प्लेंडर ११२ किलोची. मुलगी पन्नासेक किलोची असेल, तुम्ही सत्तर-पंच्याहत्तर धरू. म्हणजे गाडीवरचं मोठं वजन तिच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. वेगात असताना तेवढं कळत नाही. दहा-पंधराच्या स्पीडला, खड्डा चुकवताना किंवा गर्दीत, मागचा माणूस नुसता खिशातला मोबाईल काढायला हलला तरी हँडलला कळतं. हलायचं असेल तर गाडी सरळ रस्त्यावर जरा वेगात असताना हला, हळू झाल्यावर नको.

खांद्यावर हात ठेवू नका. तुमचं वजन तिच्या खांद्यातून हँडलवर उतरतं. सासऱ्यांना मी कमरेला धरायला सांगितलं तर आठ दिवस संकोचले. शेवटी मी जाड कापडी पट्टा कमरेला बांधला, त्याला दोन्हीकडं कड्या शिवून घेतल्या. आता ते कडी धरतात. त्यांची अब्रू राहिली आणि माझा खांदाही वाचला.

चढताना-उतरताना तर नियमच करून टाका. ती आधी बसेल, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि "बसा" म्हणेल. त्याआधी पाय टाकायचा नाही. डाव्या पायटावर, म्हणजे मागच्यानं पाय ठेवायच्या दांडीवर, सगळं वजन देऊन उभं राहून चढू नका, गाडी डावीकडं झोपते. जमत असेल तर जमिनीवरूनच पाय पलीकडं टाका, नाहीतर तुमच्या ओट्याच्या कडेला गाडी लावून घ्या. उतरतानाही "उतरा" ऐकल्याशिवाय हलू नका. सिग्नलला किंवा फाटकाला थांबलात तरी तुमचे पाय पायटावरच राहू द्या. मदत म्हणून खाली टेकवाल तर तिचा तोल जाईल. आणि उतरायचं डावीकडून, उजवीकडं सायलेन्सर आहे. माझ्या पोरीच्या पोटरीवर अजून रुपयाएवढा डाग आहे.

खत-बियाणेवाला

मी कंपनीच्या कामानं परभणी, हिंगोली, नांदेड फिरलो. बारा वर्षं सहकाऱ्याच्या मागं, कारण मला गाडी येत नाही. हसू नका.

सर, तुमच्या चौथ्या तक्रारीचं उत्तर माझ्याकडं आहे असं वाटतंय. मुलगी ब्रेक दाबते तेव्हा तुमचा उजवा पाय काय करतो ते उद्या बघा. पैज लावतो, तुम्हीही दाबत असणार. तीस वर्षं मागचा ब्रेक उजव्या पायानं दाबलाय, तो पाय थोडाच ऐकतोय! तुमच्या पायाखाली ब्रेक नाही, पायटा आहे. एकाच पायटावर एवढं वजन पडलं आणि अंगही त्याच बाजूला कललं की गाडी तिकडं जराशी ओढणारच. मेकॅनिकला दिसणार कसं, गाडी तपासली तेव्हा तुम्ही मागं नव्हता.

आता पुढं सरकायचं. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं धावतं, घाट उतरताना तर सीटच पुढं कललेली असते. त्या वेळी तिला धरून काही उपयोग नाही, कारण तुम्हाला पुढं नाही, मागं ओढणारी गोष्ट पाहिजे. उतारावर डाव्या हातानं सीटमागचा दांडा धरा. दोन्ही पायटांवर सारखा जोर द्या, टाचा खाली, आणि गुडघे तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना अलगद टेकवून ठेवा. ती ब्रेक दाबते हे गुडघ्यांना आधी कळतं, हेल्मेट आपटायच्या आत अंग तयार होतं. चढताना उलटं करायचं. ती ॲक्सिलेटर पिळते तेव्हा तुम्ही मागं पडता, म्हणून तेव्हा तिच्या पट्ट्याची कडी धरा आणि थोडं पुढं वाका. गाडीचं तोंड हलकं होत नाही.

वळणाला एकच गोष्ट करा. ज्या बाजूला वळण, तिच्या त्या खांद्यावरून पुढं बघा. उजवं वळण, उजवा खांदा. डावं वळण, डावा खांदा. झुकायचं म्हणून काही करायचं नाही, नजर गेली की अंग जातं. तुम्ही ताठ राहिलात तर तेवढंच वळण घ्यायला तिला गाडी जास्त झुकवावी लागते. राख किंवा बारीक खडी पडलेल्या जागी तेच नको असतं.

स्पीडब्रेकरला बूड सीटवरून बोटभर उचला, वजन पायांवर घ्या. माकडहाड तक्रार करणार नाही. पण ब्रेकर येतोय हे तुम्हाला दिसत नाही, तेव्हा तिनं तोंडानं सांगायला पाहिजे. आम्ही "हां" एवढंच म्हणायचो.

कोर्टाच्या बाहेरचा

बसण्याचं झालं, कागदाचंही बघून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, वय चार वर्षांच्या वर असलं की झालं. नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. तुम्ही घालताय, चांगलं आहे. फक्त आयएसआय मार्क आहे का ते बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विमा. सर, तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं झालेलं नुकसान तेवढं भरणारी, आहे का? आपल्याकडं बहुतेकांची तीच असते. तुमच्याच गाडीच्या चुकीनं अपघात झाला तर मागच्या माणसाची भरपाई त्या पॉलिसीत आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचं नुकसानही भरणाऱ्या पॅकेज पॉलिसीत मागचा माणूस धरला जातो, विमा नियामकाचं २००९ चं परिपत्रक आहे. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मात्र त्या वाहनाचा थर्ड पार्टी विमा तुम्हाला लागू होतो. पॉलिसीवर काय छापलंय ते चष्मा लावून वाचा.

लातूरची सून

काकूंचं राहिलंच की! सगळे सरांच्याच मागं लागलेत.

काकू, एका अंगानं बसलं की धरायला एकच हात नीट मिळतो आणि वजन डावीकडं राहतं, हे आहेच. बसायच्या आधी पदर कमरेला घट्ट खोचा, निऱ्या दोन मांड्यांच्या मध्ये दाबा, शाल किंवा स्कार्फची टोकं आत. साडीगार्ड काढून टाकला असेल तर आजच बसवा. पोरं स्टाईलसाठी काढतात, पण मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलेलं आहे, ते मागच्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच. मागं धरायला पक्का दांडा आणि पायटासुद्धा त्याच नियमात आहेत. पाय गार्डच्या पायरीवर पूर्ण तळव्यानं टेकवा, चप्पल नुसती अंगठ्यात लोंबकळत ठेवू नका. मांडीवर पिशवी नको.

जमलं तर दोन्हीकडं पाय टाकून बसा. आमच्या सासूबाई काष्ट्याच्या लुगड्यात बिनधास्त बसतात, पाचवारीत जमत नाही हे खरं. मी सुचवेन, लांबचा प्रवास असेल त्या दिवशी पंजाबी ड्रेस. कोण काय म्हणतंय ते म्हणू द्या.

धागाकर्ता

बारा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

आधी खत-बियाणेवाल्यांची माफी मागतो, कारण वाचल्यावर मी मनात 'काहीतरीच' म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी घाटात खाली पायाकडं बघत बसलो. मुलीनं ब्रेक दाबला आणि माझ्या उजव्या बुटाचा पुढचा भाग पायटावर असा दाबला गेला की रबर वाकलं. मी दाबलं नव्हतं हो, पाय आपोआप गेला! त्या दिवशी वाटेत मोजलं, चौदा वेळा. आता दोन्ही पाय सारखे दाबतो. गाडी सरळ थांबते असं ती म्हणते.

हवेचा आकडा स्टिकरवर धुळीखाली होता, ओल्या फडक्यानं पुसल्यावर दिसला. आम्ही डबलसीटला लागते त्याच्यापेक्षा बरीच कमी हवा भरत होतो. शॉकअप खरंच एकीकडं दुसऱ्या आणि एकीकडं तिसऱ्या घरावर होता. सेलूकरांना कळलं कसं?

पॉलिसी नुसती थर्ड पार्टी निघाली. नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा पॅकेज घेतोय. कापडी पट्टा सौ.नं शिवला. मुलीच्या जुन्या दप्तराचा बंद आणि पडद्याच्या दोन कड्या, मस्त झालाय.

मान बाहेर काढायची खोड मात्र जात नाही. काल उसाच्या दोन ट्रॉल्या पुढं होत्या, मी बघायला गेलो आणि हेल्मेटवर मागं येऊन दोन टिचक्या बसल्या. हा आमचा इशारा ठरलाय, दोन टिचक्या म्हणजे 'गप बसा'. ठरवताना मी तो तिला हळू जा म्हणून सांगण्यासाठी ठेवला होता.

रविवारी सौ.ला वैजनाथाला जायचंय. ड्रेस घालून, दोन्हीकडं पाय टाकून, मुलीच्या मागं. मी एसटीनं येतोय.